मडमबाईची जीभ आणि आमचं उखळ

दह्यात माशी पडली म्हणून मडमबाई मला रागे भरत होती. बोलता बोलता तिचा शब्द अर्ध्यावर तुटला आणि हातातला कप खाली पडला. मला वाटलं, रागानं फेकला. मी म्हटलं, "फोडा. तुमचाच आहे."

तिनं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणारी बाई नव्हती ती, म्हणून मी वर पाहिलं. उजवा ओठ खाली ओघळला होता. उजवा हात खुर्चीबाहेर लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डोळे मात्र जागे होते आणि माझ्यावर खिळले होते. ती घसरायला लागली तशी मी तिला काखेत हात घालून धरलं. तिचं वजन माझ्या दुप्पट. दोघी फरशीवर बसलो. ती तोंड उघडून 'अ... अ...' करत होती, आणि आपल्याला बोलता येत नाही हे तिला कळत होतं. ते कळणंच सगळ्यांत वाईट.

परसात भात कुटायला आलेली भिकी धावत आली. "वारं गेलं गो अंगावरनं! मडमीची जीभ बांधली कोणीतरी," असं म्हणून तिनं वेखंड उगाळून आणलं आणि मडमबाईच्या जिभेवर चोळलं. लहान मुलाची जीभ वळावी म्हणून आमच्याकडे वेखंड देतात. मडमबाई लहान मूल नव्हती. ती भिकीच्या बोटाला कडकडून चावली.

"चावली! म्हंजे जगंल," भिकी बोट झाडत म्हणाली.

मडमबाई मूळची फ्रान्स देशाची. तिकडेच तिनं एका पारशी शेठशी लग्न केलं. शेठचा जंगलाचा ठेका होता. शहापूरजवळच्या शेणवे गावाच्या पुढे त्यांचा बंगला, आणि लाकूड बैलगाड्यांनी आटगाव स्टेशनला जायचं. शेठ तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. ती आता मुंबईला जाईल किंवा आपल्या देशाला जाईल असं सगळे म्हणाले. ती कुठेच गेली नाही. वाफ्यात कसली तरी पानं लावायची आणि ती कच्चीच खायची, दोन कुत्री पाळायची आणि आम्हा सगळ्यांना रागे भरायची. मी विधवा होऊन माहेरी शहापुरात आले होते, चौथी शिकले होते. तिनं मला कामाला ठेवलं ते स्वयंपाकाला, पण हळूहळू सगळंच माझ्याकडे आलं.

आमच्याकडची माणसं मला हाक मारताना 'सोऽना' म्हणत, पहिल्या अक्षरावर जोर. मडमबाई म्हणायची 'सोनाऽ', सगळा जोर शेवटी. तिची मराठी तशीच होती. 'पाणीऽ', 'चुलीतऽ', 'गाढवऽ'. मला वाटायचं, हिला बोलताना धाप लागते. तसं नव्हतं. तिच्या भाषेचाच तो रिवाज होता, आणि तो मला कळला नर्गिसमुळे.

नर्गिस म्हणजे शेठच्या पुतण्याची, फिरोजशेठची मुलगी. मुंबईला इंग्रजी शाळेत होती आणि परीक्षेला फ्रेंच घेतलं होतं. सुट्टीत ती बंगल्यावर यायची आणि मागच्या पडवीत मडमबाई तिची शिकवणी घ्यायची. मी शेजारी तांदूळ निवडत बसायची. कान काही झाकता येत नाहीत. क्रियापदं चालवायची असत. आपण जशी 'बोलतो, बोलतोस, बोलतो, बोलतात' अशी रूपं म्हणतो, तसं: ज पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले. लिहिताना ते लोक शब्दाच्या शेपटीला आणखी दोन-तीन अक्षरं लावतात आणि बोलताना ती गिळून टाकतात. नर्गिस ती सगळी वाचायची आणि मार खायची.

शब्द तोडण्याचीही रीत होती. मडमबाई पेन्सिलीनं टेबलावर वाजवायची, एका तुकड्याला एक ठोका. फिनिसों म्हणजे फि-नि-सों. मधलं व्यंजन पुढच्या तुकड्याला द्यायचं, मागच्याला चिकटवून ठेवायचं नाही. हे आपल्या बाराखडीसारखंच, त्यामुळे मला त्यात काही अवघड वाटलं नाही. दोन व्यंजनं शेजारी आली तर भाकरी अर्धी करावी तशी बहुतेकदा वाटणी करायची: पार्-लों. आणि ठोके सगळे हलके मारायचे, फक्त शेवटचा जोरात. नर्गिस इंग्रजीच्या सवयीनं पहिला जोरात मारायची. मडमबाई ओरडायची, "शेवटीऽ! शेवटीऽ ठेव!" पोरगी रडकुंडीला यायची. मला पाठ झालं. अर्थ विचाराल तर त्यातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं.

तर, मडमबाई पडली ती दिवाळीनंतरच्या थंडीत. लढाई सुरू होती, तिचा देश जर्मनांनी घेतला होता, पत्रं बंद होती. शहापूरचे डॉक्टर टांग्यानं आले. चांगला माणूस. तिची जीभ बाहेर काढायला लावली, घसा पाहिला आणि मला म्हणाले, "बाई, जीभ शाबूत आहे. बिघडलंय ते डोक्यात. औषध माझ्याकडे नाही. अंग चोळा, कुशी बदला आणि तिच्याशी बोलत राहा. जमलं तर तिच्या भाषेत."

"तिच्या भाषेत मला फक्त क्रियापदं येतात," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

मग फिरोजशेठ मोटार घेऊन आले. काकीला पाहून डोळे पुसले त्यांनी. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोना, मुंबईत अशा म्हाताऱ्या लोकांचे एक घर आहे. नर्स असते, डॉक्टर असते. आंटीला तिथे ठेवतो. बंगला बंद करतो."

"तिला नाय जायचं."

"तुला काय मालूम? ती बोलली काय?"

"डोळ्यांवरून कळतं."

"डोळ्यावरून! उद्या तिच्या पोटात दुखेल, दाढ दुखेल, कुणाला सांगेल? हात उजवा गेला, म्हणजे लिहिणार पण नाही. मान हलवते, तर होच्या जागी नाही आणि नाहीच्या जागी हो."

हे खरं होतं. चहा हवा का विचारलं की ती मान हलवून नाही म्हणायची आणि कपासाठी डावा हात पुढे करायची. फिरोजशेठ वाईट नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. ते म्हणाले, "पावसात रस्ता बंद होतो. त्याच्या आधी मी न्यायला येते. तेवढ्यात आंटी आपल्या तोंडाने बोलली की मी इथे राहते, तर मी हात लावणार नाही. पारशाचा शब्द."

मडमबाई पलंगावरून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर तिनं डाव्या हातानं माझा पदर धरला आणि सोडेना. मला पाणी भरायला जायचं होतं. शेवटी पदर ओढून घ्यावा लागला.

पहिले दोन महिने काही झालं नाही. मी बोलायची, ती ऐकायची, 'अ' म्हणायची आणि संतापायची. मी क्रियापदंही म्हणून पाहिली, नुसती बसून. काही नाही.

माघात नवं भात कुटायला काढलं. मी आणि भिकी समोरासमोर उभ्या राहून कुटत होतो. तिचं मुसळ वर तेव्हा माझं खाली. मडमबाईला ऊन मिळावं म्हणून खुर्ची पडवीत आणून ठेवली होती. पाहते तो तिची डावी बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजत होती. एक हलका, एक जोरात. शिकवणीच्या वेळी वाजायची तशी.

मी भिकीला म्हटलं, "थांब. मी एकटी कुटते." मुसळाच्या घावावर मी म्हणू लागले, पार्-लों. पण मी आमच्या सवयीनं घाव 'पार्'वर टाकला आणि 'लों'ला मुसळ उचललं. मडमबाईचा चेहरा लाल झाला. ती मान झाडायला लागली, लाळ गळायला लागली.

"मारशील तिला!" भिकी म्हणाली.

"चिडली म्हंजे चुकलंय माझं," मी म्हटलं. नर्गिसवर ती अशीच चिडायची. मग मी उलटं केलं. 'पार्'ला मुसळ वर आणि 'लों'ला खाली, पूर्ण जोरानं. कुटताना श्वास आपोआप घावासरशीच बाहेर पडतो. कुटणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. त्या श्वासावर शब्दाचा शेवट बसला. पार्-लों. पार्-लों. मडमबाईचे ओठ हलले. मी थांबले नाही. थांबले असते तर बहुतेक गेलंच असतं. कितव्या तरी घावाला तिच्या घशातून आलं, "...लों."

शेवटचा तुकडा आधी आला. घाव तिथे होता म्हणून.

भिकीनं मुसळ टाकलं आणि दोन्ही हात जोडले. दुसऱ्या दिवशी येताना ती कुंकू घेऊन आली आणि उखळाला लावलं. गावात तिनं सांगितलं की मडमीच्या देवाचा मंत्र आहे, चप्पल काढून म्हणावा लागतो. मी सांगितलं की मंत्र नाही, शाळेचा धडा आहे. तिला ते पटलं नाही. पण मुसळ मात्र बरोबर मारू लागली, म्हणून मी नाद सोडला.

पुढे मी हेच काम केलं. शहापूर-मुरबाडकडे लकव्यानं वाचा गेलेलं माणूस असलं की मला बोलावणं यायचं. त्यात जादू काहीच नाही. चांगल्या बाजूच्या गालात घट्ट पेज भरवायची, पाण्यानं ठसका लागतो. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, कितीही वेळ लागो. कानात ओरडायचं नाही. माणूस मुका झालेला असतो, बहिरा नाही. आणि त्याच्या हाताला ज्या तालाची सवय असेल तो ताल शोधायचा.

मुरबाडच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याला सगळी भाषा जाऊन एकच शिवी उरली होती. चहा हवा, शिवी. देवाला नमस्कार, शिवी. मी गेले तर स्वागतालाही तीच. सून दारामागे पदर तोंडाला लावून हसायची. तो रडायचा बिचारा, कारण त्याला दुसरंच म्हणायचं असायचं. मी पायलीचं माप आणि भाताचं पोतं त्याच्यापुढे ठेवलं. व्यापारी माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मी पहिली पायली भरून ओतली आणि गप्प राहिले. तो म्हणाला, "लाभ." मग दोन, मग तीन. सून बाहेर येऊन त्याच्या पाया पडली. शिवी काही पूर्ण गेली नाही, पण तिला सोबत मिळाली.

सगळीकडे असं झालं नाही. खर्डीकडे एका तरण्या सुनेची वाचा गेली होती बाळंतपणात. तिला जात्यावर बसवलं, तर आठवड्यात दोन शब्द आले. दुसऱ्या आठवड्यात सासू म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. गप हाय ती बरी हाय." मला परत पाठवलं. मी भांडले, पण घर त्यांचं होतं. ती सून मला अजून आठवते.

तर, मडमबाईचं पुढे असं झालं. होळीपर्यंत ती उखळासमोर बसून सगळी रूपं म्हणू लागली. मोठ्या शब्दांना आम्ही मुसळाचा हलका ठोका उखळाच्या काठावर द्यायचो आणि मोठा घाव आत. फि-नि-सों: काठ, काठ, घाव. एक गोष्ट मला तेव्हा नवीन कळली. दोन-तीन शब्द जोडून एका दमात म्हटले की आधीच्या शब्दांवरचा जोर जातो आणि सगळ्यांचा मिळून एकच घाव शेवटी राहतो. इतकंच काय, आधीच्या शब्दाचं व्यंजन उडी मारून पुढच्या शब्दात जातं. ज रेस्त म्हणजे मी राहते. इसी म्हणजे इथे. एवढे अर्थ मी तिच्या बोट दाखवण्यावरून काढले होते. जोडून म्हणायचं तर: ज-रेस्-ति-सी. काठ, काठ, काठ, घाव. ती आणि मी ते रोज म्हणत होतो.

पण उखळापासून उठली की वाचा बंद. जेवायला बसली की 'अ'. घाव पाहिजे, त्याशिवाय येईना. मी मनात म्हटलं, हळूहळू सुटेल. आणि आंबे उतरायच्या आत फिरोजशेठ आले, ठरल्यापेक्षा लवकर. बरोबर नर्गिस होती, आणि पिशवी भरून मुंबईचा बारीक तांदूळ, कारण आमचा लाल तांदूळ त्यांना पचत नसे.

त्यांनी काकीला दिवाणखान्यात नेऊन गादीच्या खुर्चीवर बसवलं, समोर बसले आणि हळू आवाजात विचारलं, "आंटी, मुंबईला येते की इथे राहते?"

मडमबाईनं तोंड उघडलं. काही नाही. डावा हात खुर्चीचा दांडा शोधायला लागला. तो दांडा मखमलीचा होता, त्यावर बोटं वाजेनात. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग परसाच्या दाराकडे. फिरोजशेठ उसासा टाकून उठले. "नर्गिस, आंटीचे कपडे भर."

मी परसात धावले. "भिके, घे मुसळ! हाण!"

भिकीनं उखळात पाहिलं. "आत काय हाय? रिकामं उखळ कुटू नाय. घरात मयत व्हतं."

"मयत होऊ दे, हाण!"

"मी नाय."

ती ऐकणार नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझाही हात धजेना. रिकामं जातं फिरवू नये आणि रिकामं उखळ कुटू नये, हे आम्हाला बोलायला यायच्या आधी शिकवतात. भात संपलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, फिरोजशेठची पिशवी उचलली आणि आणून उखळात उपडी केली. जाईच्या कळ्यांसारखा पांढरा तांदूळ.

"अगं, हा कुटलेला हाय! कुटलेलं परत कुटायचं? ते पन रिकाम्यावानीच!"

"भिके, मडमबाई चालली."

तिनं दाताखाली ओठ धरला आणि मुसळ उचललं. मी दिवाणखान्याची मागची दोन्ही दारं सताड उघडली. काठ, काठ, काठ, घाव. आवाज घरात घुमायला लागला. फिरोजशेठ ओरडले, "बंद करा ते! आता कसले कुटतात?" नर्गिस हातात झगा घेऊन दारात उभी होती. तिनं बापाचा हात धरला. तिला तो ठोका ओळखीचा होता. त्यासाठी मार खाल्ला होता तिनं.

मडमबाईचा पाय जमिनीवर आपटला, डावा. आणखी एकदा. आणि मग तिनं सगळा श्वास शेवटावर टाकून म्हटलं, "ज रेस्तिसी."

घाव. पुन्हा: "ज रेस्तिसी." तिसऱ्यांदा तर असं ओरडली की कुत्री भुंकायला लागली.

फिरोजशेठनी मुलीकडे पाहिलं. "काय बोलते?"

"पप्पा, ती बोलते, मी इथे राहते."

ते खाली बसले. रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "झगा परत ठेव."

भिकी अजून कुटत होती. तिला कुणी थांब सांगितलंच नव्हतं. तोपर्यंत त्या तांदळाची कणी झाली होती, काहीचं पीठ. दुपारी मी त्याच कणीची पेज केली आणि सगळ्यांना वाढली. फिरोजशेठ जेवताना म्हणाले, "सोना, हा माझा तांदूळ आहे काय?" मी म्हटलं, "होता." त्यांनी पेज पुन्हा मागून घेतली.

मडमबाईचा उजवा हात शेवटपर्यंत आला नाही. मराठीही थोडीच परत आली, आणि त्यात आधी 'गाढवऽ' आलं. उखळाशिवाय बोलायला तिला आणखी वर्ष लागलं. लढाई संपल्यावर तिच्या देशाहून पत्रं सुरू झाली, पण ती गेली नाही. ती त्याच बंगल्यात राहिली.

भिकीनं बरेच दिवस मनात धाक धरला होता की कुटलेलं पुन्हा कुटलं, आता घरात मयत होणार. ती रोज येऊन दारातूनच विचारायची, "सगळी हायत ना गो?" सगळी होती. त्या वर्षी त्या घरात कुणी मेलं नाही. मडमबाई जगली, भिकी जगली, मी जगले आणि दोन्ही कुत्री जगली.